एका दमात वीस

कुसगावच्या आमच्या मेडिकलवाल्याशी माझं दहा वर्षांत एकदाही पटलेलं नाही. मी खंडाळ्याच्या बंगल्यांतलं जुनं फर्निचर घासाघीस करून घेत वर आलेला माणूस. हा छापील किमतीत रुपया सोडत नाही. बोलतोही पाठमोरा, कपाटातल्या खोक्यांशी बोलल्यासारखा. खोकणारं गिऱ्हाईक आलं, की मात्र वळतो आणि म्हणतो, "एका दमात वीसपर्यंत मोजा."

गेल्या थंडीत मला फ्लू झाला. ताप उतरला, धाप राहिली. फ्लूने दुखावलेल्या फुफ्फुसांना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या चांगल्या, असं मोबाइलवर वाचलं होतं. मी जाऊन तीन डब्या मागितल्या आणि भाव पाडायला लागलो.

"उंदरांवर बरं दिसलंय म्हणतात, भाऊ. माणसांचं अजून ठरलेलं नाही. मोजा."

"तुला विकायचंय का नाही?"

"नाही. मोजा."

मी सातवर अडकलो. चार गिऱ्हाइकांसमोर त्याने शटर ओढलं आणि मला स्कूटरवर बसवून लोणावळ्याला दवाखान्यात नेलं.

तिथे फॉर्म भरताना त्याने विचारलं, "नातेवाईक कोण लिहू? कार्ल्याचा भाऊ?"

त्या भावाने मला जमिनीत फसवलं, हे सगळ्यांना माहीत आहे. मी नकारार्थी मान हलवली.

"मग दुसरं कोण?"

शेवटी त्याने स्वतःचं नाव लिहिलं, आणि नात्याच्या रकान्यात 'दुकानदार'. मला राग आला. पण त्या शब्दाऐवजी काय लिही म्हणून सांगणार होतो?