स्टुलावर बसायची तालीम

मागच्या साथीत मेहजबीन सिस्टर वॉर्डात धाडकन कोसळल्या होत्या. आजाराने नव्हे, तहानेने! अंगावर पीपीई किट चढवलं की बाथरूमला जाता येत नाही, म्हणून सकाळपासून पाण्याला शिवायचंच नाही, असा द्वारका चौकाजवळच्या त्या हॉस्पिटलात सगळ्यांचा शिरस्ता होता. वर त्याचीच फुशारकी.

आता नव्या साथीची नुसती कुणकुण लागली आणि सिस्टरांनी वॉर्डाच्या दाराशी एक स्टूल मांडलं, शेजारी पाण्याचा जग. दर सोमवारी तालीम. दोघी-दोघींची जोडी, एकीने खांद्यावर हात ठेवला की दुसरीने किट उतरवायचं, पाणी प्यायचं आणि दहा मिनिटं बसायचं. "मी ठीक आहे" हे ऐकून घेतलं जाणार नाही.

एका सोमवारी मोठे डॉक्टर राउंडला आले नि भडकले. "पेशंट एक नाही, आणि बसायची कसली प्रॅक्टिस करताय?"

"मरमर करायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही, सर. बसायलाच शिकावं लागतं," मेहजबीन सिस्टर म्हणाल्या.

तेवढ्यात सिस्टरांच्या तालमीतल्या जोडीदार, घोटीच्या आयाबाई सुमनमावशी, पुढे आल्या आणि त्यांनी सिस्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. सर उभे असताना त्या वॉर्डात आजवर कुणी बसलं नव्हतं.

मेहजबीन सिस्टर बसल्या. सावकाश ग्लासभर पाणी प्यायल्या.

"बोला सर, दहा मिनिटं मी इथेच आहे."