घडी मोडली

माझ्या शिवणाच्या दुकानाला लागून कडककाकांचं इस्त्रीचं टेबल आहे. मध्ये फक्त एक पत्रा, त्यामुळे त्यांचा खोकलासुद्धा मला तोंडपाठ झालाय. कडक हे नाव पडलं ते त्यांच्या इस्त्रीवरून. माणूस म्हणाल तर इतका मऊ, की गिऱ्हाइकाने उगाच आवाज चढवला तरी माफी हेच मागणार. फक्त इस्त्रीबद्दल कोणी काही बोललेलं खपत नाही. कपड्यावर सुरकुती दिसली की त्यांच्या कपाळावर आठी पडते, आणि ती आठी तेवढी कुठल्याच इस्त्रीने जात नाही.

त्यांची एकुलती एक लेक नववीत. काकू पहाटेच इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला जातात, काकाही लवकर येऊन टेबल मांडतात. मागून घराला कुलूप लावून शाळेत जायचं, हे लेकीचं काम. संध्याकाळी ती चहाचा थर्मास घेऊन यायची आणि गणवेश टेबलावर ठेवून जायची. त्याचा नंबर सगळ्या गिऱ्हाइकांच्या आधी.

शाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत काकांचा हात भाजला. गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून त्यांनी लेकीला घरी ठेवून घेतलं. ती इस्त्री फिरवायची, कपडे घरोघर पोचवायची. मी तेव्हाच म्हटलं होतं, शाळा बुडवू नका. चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय, म्हणाले. पुढे हात बरा झाला, लेक परत शाळेत जायला लागली, आणि विषय संपला असं आम्ही सगळे धरून चाललो.

मग एका संध्याकाळी काकांनी हाक मारून मला तिचा स्कर्ट दाखवला. स्वारी भलतीच खुशीत होती.

"बघा ताई, पोरगी दिवसभर शाळेत बसून आली, पण घडी मोडलेली नाही. याला म्हणतात हात."

कित्येक दिवस असंच चाललंय, म्हणाले. नुसतं पाणी शिंपडून इस्त्री फिरवली की झालं. भाजल्यापासून हाताला वेगळंच वजन आलंय, असा त्यांचा शोध होता.

शाळेचे स्कर्ट शिवण्यात माझी हयात गेली. बाकावर बसलं की मागच्या प्लेट्स झोपतातच, मग इस्त्री कोणाचीही असो. मी आपली चेष्टेने बोलून गेले, "काका, शाळेत पोरगी गेली होती ना? का स्कर्ट दोरीवरच बसला होता?"

काका हसले. मग त्यांनी स्कर्ट उलटा केला, शर्टाची कॉलर उजेडात धरली. कॉलरही स्वच्छ. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि माणूस मटकन स्टुलावर बसला. मला माझ्याच जिभेचा राग आला.

विचारल्यावर लेकीने काही लपवलं नाही, असं काकूंनी मला नंतर सांगितलं. बाबा निघेपर्यंत ती गणवेशात असायची. मग तो काढून खिळ्याला टांगायची आणि दार लावून बसायची. बाबांचा हात अजून बरा नाही, असा निरोप मैत्रिणीकडून शाळेत पाठवायची. झालं होतं ते एवढंच: ती परत गेली तेव्हा वर्ग बीजगणितात बराच पुढे गेला होता. फळ्यापाशी बोलावलं, खडू धरून नुसती उभी राहिली, पोरं हसली. दुसऱ्या दिवशी तिचं पोट दुखलं. त्यानंतर गेली तर त्या पोटदुखीत बुडालेलं कळेना. असं करता करता शाळेत पाऊल टाकायचीच भीती बसली. काका तिला रागावले नाहीत. मीच बसवलं होतं तिला घरी, एवढंच म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल बंद. काका लेकीला घेऊन शाळेत गेले, तेही अंगात चुरगळलेला शर्ट घालून. धसका एकच, नाव काढून टाकलं असेल आणि पोरीचं वर्ष गेलं असेल. इकडे माझंही चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका ब्लाउजला मी दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या जोडून बसले.

दुपारी काका आले ते थेट माझ्या दुकानात. वर्गाच्या बाई म्हणाल्या होत्या, "नाव आहे हो जागेवर. मी रोज पुकारते, मुलगीच नसते." मागचं सगळं त्या मधल्या सुट्टीत करून घेणार होत्या, परीक्षेलाही बसवणार होत्या. अट एकच, कळो न कळो, रोज यायचं. लेकीला वर्गात बसवूनच आलो, असं सांगताना काकांनी डोळे पुसले. मलाही इतकं हायसं वाटलं की त्या बाह्या उसवायच्या सोडून मी आधी चहा मागवला.

संध्याकाळी लेक आली ती गणवेशाचा बोळा करून. काकांनी तो टेबलावर पसरला. मागच्या प्लेट्स सपाट, बाहीला खडू, खिशापाशी शाईचा डाग. जन्मभर सुरकुत्यांशी वैर धरलेला हा माणूस त्यांच्यावरून हात फिरवत उभा राहिला. मग पत्रा वाजवून त्यांनी मला बोलावलं.

"बघा ताई, घडी मोडली."

नवाकोरा कपडा पहिल्यांदा अंगाला लागल्यावर सांगावं, तसं सांगितलं. गिऱ्हाईक ताटकळलं होतं, इस्त्री निवत चालली होती, पण त्यांचा हात काही तिकडे जाईना.

शेवटी लेकच म्हणाली, "बाबा, करा ना लवकर. उद्या घालायचाय."

काकांनी इस्त्रीत नवे कोळसे घातले.