कंदीलपुष्पवाले दामूकाका

एका रानवेलीचं अख्खं खानदान मी एकदा उकिरड्यावर ओतलं होतं.

ज्यांनी ते परत वेचून आणलं ते दामूकाका, आमच्या वसईच्या कॉलेजच्या बॉटनिकल गार्डनचे माळी, परवा गेले.

मी तेव्हा नवीन लागले होते. मे महिना. दोन दिवसांवर कमिटीची व्हिजिट, आणि शेडमध्ये चाळीस कुंड्या नुसत्या मातीने भरलेल्या. काका भाचीच्या लग्नाला गेलेले.
मी फुल कॉन्फिडन्समध्ये सगळ्या कुंड्या रिकाम्या केल्या आणि झेंडू लावला. काय दिसत होता म्हणून सांगू!

काका आले. एका झेंडूखालची माती बोटांनी उकरून बघितली.

"कोनी सांगितलं रिकाम्या म्हनून? खाली कंद होते, मॅडम. झोपलेले."

ते कंदीलपुष्प होतं. पावसाळ्यात वर येणार, कंदिलासारखी फुलं देणार आणि बाकीचं वर्ष मातीत गडप. काकांनी ते गोखिवऱ्याजवळच्या एका टेकडीवरून आणलेलं.
ती टेकडी नंतर बिल्डिंगांसाठी कापली गेली. तिथलं जे काही उरलं होतं ते या कुंड्यांत.

मला वाटलं, संपली आपली नोकरी.

काकांनी घरून तांदळाची चाळण आणली. तीन दिवस आम्ही दोघं उकिरड्यावरचा तो मातीचा ढीग चाळत बसलो.
एकतीस सापडले. नऊ गेले ते गेलेच.
त्या नऊंबद्दल काका पुन्हा कधी चकार शब्द बोलले नाहीत. मी मात्र विसरले नाही.

मग वर्षं गेली. बिया धरल्या, रोपं केली, एकतीसचे शंभरावर झाले. आणि दर मे महिन्यात काकांचा तोच प्रश्न.

"मॅडम, मातीत कधी?"

त्यांना ती वेल परत डोंगरावर बघायची होती. माझी कारणं तयारच असायची. अजून थोडे वाढू देत. योग्य जागा मिळू दे. शेळ्या खातील.

"खाल्ली तर खाल्ली. कुंडीत ठेवून म्हातारी करनार का तिला?"

"पुढच्या वर्षी नक्की, काका."

खरं सांगू? मी घाबरत होते. माझ्या हातून नऊ गेले होते, दहावा जायला नको होता.

काल चांदीपला त्यांच्या घरी गेले. काकूंनी पाणी दिलं, दोघी रडलो. मग त्या उठल्या.

"चला, तुम्हाला एक दाखवायचंय."

घरामागच्या चढावर, त्यांच्याच जागेत, दगड रचून केलेलं कमरेएवढं कुंपण. आत भुसभुशीत माती. तण औषधालाही नाही.

"दर वर्षी मे आला की साफ करून ठेवायचे," काकू म्हणाल्या. "म्हनायचे, मॅडमचा कधी पन फोन येईल."

मी तिथेच दगडावर बसून हमसून हमसून रडले.

काका, रविवारी कंद घेऊन येतेय. बघायला तुम्ही नसाल, आणि हा उशीर माझ्यामुळे झाला.
माफ करा.

तुमच्या मॅडमचा शेवटचा नमस्कार.