कॅमेऱ्याकडं बघायचं न्हाय

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कॅन्सर आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त आबा सोडून. निदान आमची तशी समजूत होती. "पोटात अल्सर आहे, एवढंच सांगा," असं दादानं डॉक्टरांना आधीच बजावून ठेवलं होतं. मला ते पटत नव्हतं, पण दादापुढं कुणाचं काही चालत नाही.

दिवसभर कॉटवर पडून आबा मोबाईलवर एका तुर्की नटाचे सिनेमे बघायचे, हिंदीत डब केलेले. तरुणपणी आबांनी आमच्या गावातल्याच स्टुडिओत एक्स्ट्रा म्हणून कामं केली होती. ऐतिहासिक सिनेमा असला की कधी मावळा, कधी मोगल, दोन्हीकडून मरायचंच. तोंडी वाक्य एकदाही मिळालं नाही. त्या नटाचा पहिला सिनेमा मी शोधून दिला, तर त्यात तोही तटावरून पडून मरणारा साधा शिपाई. आबा उशीला टेकून उठून बसले.

"आमच्यातलाच की गं ह्यो!"

मग आम्ही त्याचे सिनेमे ओळीनं पाहिले. शिपायाचा तो हॉटेलातला वेटर झाला, मग नायकाचा मित्र, मग नायक आणि शेवटी पिकल्या दाढीचा बाप. त्याला बरं काम मिळालं की आबांना स्वतःलाच बढती मिळाल्यागत आनंद व्हायचा. तो पडद्यावर मेला की मात्र ते मास्तर व्हायचे.

"मरताना कॅमेऱ्याकडं बघायचं न्हाय. आमाला पैलं त्येच शिकवलंतं. बघितलं की शॉट वाया."

एके सकाळी तो नट खरोखरच गेल्याची बातमी मी फोनवर वाचली. आजारही आबांचाच. दादा म्हणाला, "हे पण सांगायचं न्हाय." झालं, आणखी एक अल्सर.

"नवीन काय आलं न्हाय व्हय त्येचं?" आबा विचारायचे.

"शूटिंग चालू असंल," मी सांगायची. इतकं सराईत खोटं, की माझीच मला चीड यायची.

एका दुपारी मी पेज भरवत होते. दादा बाहेर गेला होता, आई देवापाशी होती. आबा हळूच म्हणाले, "त्यो गेला न्हवं?"

मी चमचा वाटीत ठेवला.

"मोबाईल माझ्याच हातात असतोय की, पोरी. त्येला बी पोटातच हुतं." मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "मला कळलंय म्हणून दादाला सांगू नगंस. लई लागंल त्येच्या जिवाला."

मी मान हलवली आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

आबा गेले त्या दिवशी आम्ही सगळे कॉटभोवती होतो. दादा अजूनही, "आबा, अल्सर बरा व्हायलाय," म्हणत होता. आबांनी भिंतीकडं तोंड केलं. आईनं हाका मारल्या. मीही ओरडले, "आबा, इकडं बघा की!" त्यांना ऐकू येत होतं, माझी खात्री आहे. पण त्यांनी शेवटपर्यंत मान वळवली नाही.

यातना फार असतील, असं पै-पाहुणे म्हणाले. मला आबांचा राग आला होता, अजून येतो. एकदा बघितलं असतं तर काय बिघडलं असतं? शॉट वाया गेला असता, एवढंच ना?