धार चुकवलेली म्हैस

आमच्या कामरगावकडं म्हैस विकणारा लबाड असला की गिऱ्हाईक यायच्या आदल्या संध्याकाळी धार काढतच नाही. सकाळी कास टम्म फुगलेली, बादली भरून दूध. घरी नेली की दुसऱ्या दिवशी निम्मंबी नाही. मले या प्रकाराची पहिल्यापासून किळस. त्या मुक्या जनावराची कास रातभर ठणकते, त्याची तं कोणाले पर्वाच नाही.

पण फौजेतबी असं चालत असेल, हे नव्हतं वाटलं बाप्पा.

माझी दोन्ही पोरं फौजेत. धाकटा सीमेवर पहाऱ्याले. थोरला तपासणीच्या पथकात, अन् यंदा धाकट्याच्याच डिव्हिजनची परीक्षा घ्यायले गेला होता. परीक्षा कायची, तर दुश्मन दुरून दिसते का नाही, त्याची. लाकडाचे खोटे रणगाडे जाळीखाली लपवायचे, आत शेगडी पेटवायची, अन् डिव्हिजननं ड्रोननं, रडारनं, उष्णता दिसणाऱ्या कॅमेऱ्यानं ते हुडकायचे.

थोरला तिथून सुट्टीवर आला, तं जेवणात ध्यान नाही. म्हटलं, "कायले चिवडून राह्यला रे ती भाकर? भाजीत मीठ नाही काय?"

"माय, सारे रणगाडे सापडले."

"मंग चांगलंच झालं ना."

"मागच्या सालच्याच जागी ठेवले होते. त्यायले आधीच ठाऊक. मी एक गुपचूप नाल्यात हलवला, तो कोणालेच दिसला नाही. आता आमच्या पथकाचे साहेब म्हणते, तोबी सापडला असं लिही, डिव्हिजनची इज्जत जाईल."

"अन् तू काय लिहिलं?"

"अजून काहीच नाही. धाकट्याले तेवढं फोनवर सांगून देतो, मशीनच्या भरोशावर राहू नको म्हणून."

म्हटलं, "अन् बाकीच्या मायांच्या लेकरायले कोण फोन करीन? म्हैस तरी वापस करता येते, मेल्या!"

तो ताटावरून उठला. अंगणात जाऊन साहेबाले फोन लावला. "नाही सर. तो सापडला नाही. मी तसंच लिहीन." मंग आत येऊन दोन भाकरी खाल्ल्या.

सुट्टी संपवून गेला, तं त्याले पथकातूनच काढलेलं. त्याच हप्त्यात धाकट्याचा फोन. "माय, आमची डिव्हिजन पास झाली! साऱ्यायले जिलबी वाटली."

"खाल्ली काय तू?"

"हो. काहून?"

"थुकून टाक," म्हटलं, अन् नाल्यातल्या रणगाड्याचं सारं त्याले सांगितलं.

तो हळूच म्हणे, "माय, आमी त्याच कॅमेऱ्याच्या भरोशावर झोपतो इथं."