दत्ताचा टप्पा आणि माझी कंबर

पळायला सुरुवात केली त्या पहिल्याच दिवशी मी पाठीवर पिठ्ठू बांधला आणि त्यात वीस किलो ज्वारी भरली. पायात फौजेतले जुने बूट घातले. वय सेहेचाळीस होतं. पोटाचं वजन वेगळं.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. फौजेत लोक पाठीवर वजन घेऊन पळतात हे मी पंचवीस वर्षं बघितलं होतं, एवढंच. बघितलं होतं म्हणतो, कारण मी स्वतः गाडी चालवायचो. इन्फंट्री बटालियनमध्ये मी एमटी ड्रायव्हर होतो. सकाळी बटालियन पीटीला पळायची, तेव्हा मी गाडीची फर्स्ट परेड करायचो. म्हणजे तेल बघ, पाणी बघ, टायरला लाथ मारून हवा बघ. हे काम दहा मिनिटांचं. मी ते पीटी संपेपर्यंत पुरवायचो. आमचे सुभेदार मेजर साहेब एकदा बॉनेटमध्ये माझ्याशेजारी वाकले आणि म्हणाले, "मराठे, तेरी गाड़ी तुझसे ज़्यादा दौड़ी है." मी "जी साब" म्हणालो. खोटं काहीच नव्हतं त्यात.

हवालदार म्हणून घरी आलो. आमचं गाव बेंबळीच्या पुढं. गावात शिपाई म्हणून रिटायर झालेलाही मेजर आणि हवालदारही मेजरच. आल्या दिवसापासून मी बळीचा मेजर झालो. मेजर म्हटलं की माणूस पळत असणार, असं लोकांनी धरून चाललेलं. मीही कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

नवरात्राला आमच्याकडं तुळजापूरहून ज्योत आणतात. देवीच्या देवळात मशाल पेटवायची आणि ती पळत गावात आणायची. पोरं टप्पे वाटून घेतात, मागं टेम्पो असतो. ज्योत विझता कामा नये, थांबता कामा नये आणि गाडीत चढता कामा नये. गावच्या देवळातला दिवा त्याच ज्योतीवर लागतो, मग घरोघरी घट बसतात. शेवटचा टप्पा फाट्यापासून देवळापर्यंतचा. तो मानाचा. सगळं गाव बघायला उभं असतं.

तो टप्पा दत्ताचा होता. दत्ता माझ्याच आळीतला. आम्ही एकाच दिवशी भरती झालो, एकाच बटालियनमध्ये गेलो. तो रायफल कंपनीत, मी गाडीवर. क्रॉस कंट्रीत तो पहिला यायचा. पोरं सुट्टी दिवाळीला मागायची, हा नवरात्राला मागायचा. साहेब विचारायचे, "घर में क्या है?" हा सांगायचा, "दौड़ है, साब."

एका वर्षी आम्ही उत्तरेला, उंचावर होतो. जानेवारीचा महिना. दत्ताची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, सकाळी वरच्या पोस्टकडं निघाली. मी खाली रोड हेडला, रस्ता संपतो तिथं, गाडी लावून रेडिओजवळ चहा पीत होतो. साडेनऊच्या सुमाराला वरून आवाज आला.

"टू फॉर वन. पेट्रोल का कॉन्टैक्ट नहीं. ओवर."

"वन फॉर टू. फिर कोशिश करो. ओवर."

"टू. स्लाइड आया है. ओवर."

बर्फाचा कडा कोसळला होता. पेट्रोलमध्ये चौघं होते. तिघं त्याच दिवशी सापडले, जिवंत. दत्ता दुसऱ्या दिवशी सापडला. त्याला खाली आणला तेव्हा गाडी माझीच होती. ती मी फार हळू चालवली.

त्यानंतर तो टप्पा कधी हा पळायचा, कधी तो. मी रिटायर होऊन आलो त्या वर्षी श्रावणात दत्ताची आई, चंद्राकाकू, आमच्या ओट्यावर येऊन बसली. चहा घेतला. माझ्या बायकोला, शोभाला, म्हणाली, "ह्याला सांग, औंदा माझ्या दत्ताचा टप्पा ह्यानं पळायचा. दोगं संगं गेलते फौजंत."

मी आतून ओरडून म्हणालो, "पळतो की, काकू." तोंडात पोहे होते.

शोभानं माझ्याकडं बघितलं. काकू गेल्यावर म्हणाली, "एसटी सुटली तरी पळत न्हाय तुम्ही. दुसरीची वाट बघताव."

म्हणून ती ज्वारी. दुसऱ्या दिवशी पहाटे बेंबळीच्या रस्त्याला लागलो. पहिला अर्धा किलोमीटर फार चांगला गेला. नंतरचा आठवत नाही. घरी आलो ते बूट न काढता बाजेवर बसलो. तिसऱ्या दिवशी कंबर धरली. चौथ्या दिवशी बुटाची नाडी बांधायला वाकलो आणि तिथंच राहिलो. वरही येता येईना, खालीही जाता येईना. शोभा शेणाची पाटी घेऊन दारात आली.

"काय करलालाव?"

"नाडी बांधतोय."

"कवाची?"

उसण भरली होती. आमच्याकडं उसण भरली की पायाळू माणूस शोधतात. आईच्या पोटातून जो पायाकडून जन्मला तो पायाळू. त्यानं पाठीवर हलकेच लाथ मारली की उसण उतरते, असं मानतात. आता गावात पायाळू कोण, तर एकटी चंद्राकाकू. माझं दुखणं जिच्यापासून लपवायचं होतं, तिच्याच दारात शोभानं मला नेऊन पालथा पाडला.

काकूनं लुगडं सावरलं, भिंतीला हात टेकला आणि तीन लाथा घातल्या. पहिल्या दोन औषधाच्या होत्या. तिसरी जरा जोरात होती.

"कशानं भरली?" तिनं विचारलं.

शोभानं ज्वारीसकट सगळं सांगितलं.

काकू हसली नाही. खाली बसली. म्हणाली, "ऱ्हाऊ दे, बळी. दुसरं कुनीबी पळंल. माझ्यापायी आनी कुनाला काय व्हायला नगं."

मी पालथा पडलेलो असल्यानं तिचं तोंड दिसत नव्हतं. पाय दिसत होते. भेगाळलेले, एका अंगठ्याला चिंधी बांधलेली. मी म्हणालो, "काकू, मीच पळणार."

"उठून दाव मग आदी."

उठायला शोभाची मदत लागली.

दोन दिवसांनी धाराशिवला गेलो. डॉक्टरांनी तपासलं आणि फिजिओथेरपीच्या मॅडमकडं पाठवलं. मॅडम आमच्या मुलीच्या वयाच्या. पायाला मुंग्या येतात का, पाय बधिर पडतो का, लघवीला त्रास आहे का, सगळं विचारलं. नव्हतं काही. मग मला पाठीवर झोपवून एक पाय सरळ वर उचलायला लावला. पाय वर गेला आणि थरथरत राहिला.

"किती वर्षं गाडी चालवलीत, काका?"

"पंचवीस."

"आणि पळताय कधीपासून?"

"चार दिवस. पाठीवर ज्वारी घेऊन."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पोटाचे आणि मागचे स्नायू काम करत नाहीत, म्हणून सगळा भार कंबरेवर येतोय. फौजेत पीटी नव्हती का?"

"होती," मी म्हणालो. "तेव्हा मी टायरला लाथा मारत होतो."

त्यांनी व्यायाम दिले. पाठीवर झोपून गुडघे वाकवायचे आणि कंबर उचलायची. मग रांगत्या बाळासारखं होऊन एक हात पुढं, उलटा पाय मागं. पडून राहायचं नाही, रोज चालायचं. आठवड्यानं एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, आणि पुढं हळूहळू वाढवायचं. पावलं छोटी. बूट घरी ठेवायचे, पळायचे शूज घ्यायचे. "आणि ज्वारी," त्या म्हणाल्या, "जेवणात."

त्या श्रावण-भाद्रपदात मी जेवढी शिस्त पाळली तेवढी फौजेत पाळली नव्हती. ओसरीत सतरंजी टाकून हात पुढं, पाय मागं. समोर म्हैस बांधलेली असायची. ती रवंथ थांबवून बघायची. रस्त्यावर माझा वेग असा, की खुरपायला निघालेल्या बाया बोलत बोलत मागून यायच्या, "सरका मेजर" म्हणायच्या आणि पुढं जायच्या. पहिल्यांदा लाज वाटली. नंतर त्यांच्याकडून गावातल्या बातम्या कळायला लागल्या. कंबर सकाळी आखडलेली असायची, पळून आल्यावर मोकळी व्हायची. दुखलं तर एक दिवस नुसतं चालायचो. पितृपक्षापर्यंत फाटा ते देऊळ हे अंतर मी न थांबता पळायला लागलो. पळणं म्हणायचं की नाही यावर शोभाचं वेगळं मत होतं.

घटस्थापनेच्या सकाळी मी फाट्यावर तासभर आधी हजर. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, अनवाणी. टेम्पो संतोषचा. पोरांचा म्होरक्याही तोच. त्याचा फोन आला.

"मेजर, आमी वढ्याच्या पुलावर आलाव."

"वेग काय आहे? तेल किती उरलंय? नीट रिपोर्ट दे."

"मेजर, गप उबं ऱ्हावा. येतो."

ज्योत आली. "आई राजा उदो उदो" झालं. पळत्या पोराच्या हातातून मी पळतच मशाल घेतली आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की दोन महिन्यांत मी सगळं केलं होतं, फक्त हात वर धरून पळायचा सराव केला नव्हता. मशाल लोखंडी. तिला डोक्याच्या वर धरावं लागतं, नाहीतर तेल अंगावर येतं. हात वर गेला की छाती पुढं जाते, छाती पुढं गेली की कंबर मागं राहते.

पिठाच्या गिरणीपर्यंत ठीक होतं. गिरणीसमोर कंबरेत चमक आली. ओळखीची होती. डावा पाय उचलेना.

संतोष टेम्पोतून उतरून शेजारी आला. "मेजर, द्या हिकडं. कुनी काय म्हनत न्हाय."

खरंच कोणी काही म्हणालं नसतं. मी मशाल हात बदलून धरली. पोट आत घेतलं. श्वास सोडला, पावलं निम्मी केली, मग त्याच्याही निम्मी. पाय जमिनीवरून सुटत होते एवढंच. थांबलो नव्हतो.

"मेजर, ह्ये पळनं हाय का?" संतोषनं विचारलं.

"बाजूला हो. ट्रॅफिक अडवू नकोस."

आळीच्या वळणावर काकू दारात उभी होती. हातात तांब्या. ज्योत घेऊन येणाऱ्याच्या पायावर पाणी घालतात. मी जागच्या जागी पाय हलवत राहिलो. तिनं वाकून दोन्ही पायांवर सावकाश पाणी घातलं, हळदीकुंकू वाहिलं. पाय भाजत होते, बरं वाटलं. मी पुढं निघालो. बाया दारातच थांबतात, अशी रीत आहे. काकूनं तांब्या उंबऱ्यात ठेवला, पदर खोचला आणि माझ्या डाव्या बाजूनं चालायला लागली.

मी पळत होतो आणि सत्तरीची बाई माझ्याशेजारी चालत होती. तिला धाप लागली नव्हती. मला लागली होती. मध्ये एकदा मी कललो, तेव्हा तिनं कोपराखाली हात दिला आणि तो काढला नाही. पुढं हलगी, मागं टेम्पो, दोन्ही बाजूंना लोक. कोणी हसलं नाही. हसले असतील तर मला ऐकू आलं नाही.

देवळात ज्योत पोचली. पुजाऱ्यानं तिच्यावर दिवा लावला. पोरांनी देवीचा उदो केला, मग संतोषनं दत्ताचं नाव घेतलं आणि सगळ्यांनी हात वर केले. मी खांबाला पाठ टेकून उभा होतो, कारण बसलो असतो तर उठलो नसतो. काकू दिव्याकडं बघत होती.

"दत्ता दारावरनं जायचा," ती म्हणाली, "तर पानी मातीतच पडायचं. त्यो तवर फुडं देवळाकडं. एकदाबी त्याच्यासंगं देवळापातुर येता आलं न्हाय मला."

मी बोलायचं म्हणून म्हणालो, "कंबर आखडली, काकू. पुढच्या वर्षी नीट पळतो."

तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"नगं बाबा," ती म्हणाली. "तुला पळाय येत न्हाय, त्येच बरं हाय."