रेडिओची वाचा गेली तेव्हा

गिऱ्हाइकं त्याला रेडिओ म्हणायची. त्याच्या खुर्चीत बसलं की दाढी होईपर्यंत जगाच्या बातम्या कानावर पडायच्या. बंद करायचं बटण तेवढं नाही, असं बायको म्हणायची.

एक्कावन्नाव्या वर्षी सलूनची पाटी पुसताना तो शिडीवरून पडला. डोक्याची डावी बाजू पायरीवर आपटली. सहाव्या दिवशी शुद्धीवर आला, बायकोला ओळखलं, आणि म्हणाला, "कात्री." त्याला पाणी हवं होतं. पुन्हा तोंड उघडलं, तर पुन्हा "कात्री."

"त्यांना कळतंय बरंचसं," डॉक्टर म्हणाले. "मेंदूतली बोलण्याची जागा दुखावलीय. जखम लहान आहे, वयही फार नाही, ते बरंय. पण किती बोलतील हे आज सांगता येणार नाही. सराव लगेच सुरू करा."

बायकोने कंबर कसली. सकाळ-संध्याकाळ चित्रं दाखवायची, आकडे म्हणवून घ्यायची. तीन महिन्यांत वीसपर्यंत आकडे आले. शिव्या तर न शिकवताच आल्या, त्याही खणखणीत. पण स्वतःचं वाक्य काही जुळेना. शब्द त्याच्या ओठांवर घुटमळायचा आणि तिला त्याचे हाल बघवायचे नाहीत. मग तीच बोलून मोकळी व्हायची.

स्पीच थेरपीच्या बाईंनी एकदा त्याला विचारलं, "काका, आज कशाने आलात?"

"बसने," बायको म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई, तुमची माया दिसते मला. पण शब्द त्यांना शोधू द्या. तुम्ही मनात दहा आकडे मोजा, मग बोला."

बाहेर येताना तिचे डोळे भरले. तीन महिने रक्ताचं पाणी केलं, आणि ही कालची पोरगी आपल्याला गप्प बसायला सांगते.

तरी तिने मोजलं. घरी त्याने खिडकीकडे बोट केलं. "ब... बा..." तिने चारदा दहा मोजले, ओठ घट्ट मिटून. त्याने टेबलावर हात आपटला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्यानंतर आठवडाभर त्याने प्रयत्नच केला नाही.

बाई म्हणाल्या, "मन खचलं की सराव बुडतो. डॉक्टरांशी बोला. आणि माणसांत बसवा त्यांना."

गोळ्या सुरू झाल्या. सलून धाकटा दीर चालवत होता, तिथे ती त्याला रोज नेऊन बसवू लागली. जुनी गिऱ्हाइकं अवघडायची, काही तर रस्ता बदलून जायची. एक निवृत्त ड्रायव्हर मात्र रोज यायचा, केस कापायचे नसले तरी. "सावकाश बोल," म्हणायचा. "घरी माझी कोण वाट बघतंय?"

आठव्या महिन्यात पडद्यामागे टॉवेल घडी करताना तिने ऐकलं. "मी... पडलो," नवरा ड्रायव्हरला सांगत होता. "ती... एकटी... सगळं." ड्रायव्हर थांबला होता. "रडते. मला... कळतं."

ती टॉवेल छातीशी धरून तिथेच उभी राहिली.

आता तिसरं वर्ष चाललंय. तो तुटक बोलतो, माणसांची नावं निसटतात, फोन घेत नाही. पूर्वीसारखं होईल, असं कुणी म्हणत नाही, पण या महिन्यातही दोन-चार नवे शब्द आले.

परवा तिने विचारलं, "अहो, मी फार गप्प झालेय का हो?"

तो बराच वेळ शोधत राहिला. "नाही," म्हणाला. "बरं... वाटतं."

आणखी काही येतंय का, म्हणून ती थांबली. तेवढंच होतं.